भोकाभोकाच्या कागदावरची पत्रिका

नाशिकच्या सिडकोत रंगनाथ थेट्याच्या घरात मागच्या अंगाला एक खोली आहे. तिथं रोज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी असते. बाहेर गणपती असोत नाहीतर निवडणूक, खोलीतला कम्प्युटर चालू केला की तो आपल्या मते आजची तारीख हीच असल्याचं सांगतो आणि चुकत असेल तर बरोबर सांगा म्हणतो. त्याच्या आतला सेल कधीच मेलाय. नवा टाकता आला असता, पण खरं सांगायचं तर रोज सकाळी त्या यंत्राला तारीख सांगायला रंगनाथला आवडतं. घरात त्याचं म्हणणं उलट न बोलता ऐकून घेणारं तेवढं एकच आहे.

वय बासष्ट. पण ह्या माणसाला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा राग मानू नका.

"ह्या खोलीत माझं लग्न अजून व्हायचंय," त्याची बायको द्वारकाबाई म्हणते. "तेव्हा आत चहा मिळणार नाही." नाशिकच्या माणसाला द्वारका म्हटलं की आधी तो सदा गाड्या तुंबलेला चौक आठवतो. रंगनाथ म्हणतो, दोन्हीकडे सारखंच, एकदा अडकलं की हॉर्न वाजवून उपयोग नाही. अर्थात हे तो घराबाहेर म्हणतो.

तो सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. निवृत्त होताना साहेबांनी विचारलं, घड्याळ देऊ की चांदीचा गणपती? हा म्हणाला, कोपऱ्यात पडलेला तो जुना कम्प्युटर द्या, आणि जमलं तर त्याचा प्रिंटर. साहेबांना वाटलं, माणूस गंमत करतोय. माणूस रिक्षा घेऊन आला होता. त्यानंतर घरात येतच गेलं. कोणी गच्चीवरून काढलं, कोणी क्लासमधून, कोणी नुसतं फाटकाशी ठेवून पळून गेलं. आता खोलीत पाच कम्प्युटर, तीन मॉनिटर आणि फ्लॉप्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे आहेत. त्यातलं चालू एकच. बाकीचे त्याला सुटे भाग द्यायला जिवंत ठेवलेत.

"पण ह्याचा उपयोग काय?" असं जो येतो तो विचारतो. अरे, लोक कबुतरं पाळतात, त्यांना विचारता का कधी? हा गरीब डबे पाळतो तर सगळ्यांना उपयोग पाहिजे.

ह्या छंदात त्याला साथ एकट्या निसारभाईची. निसारभाईचं चौक मंडईजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान. डबा टीव्ही गेले, भिंतीवरचे पातळ टीव्ही आले, आणि निसारभाईला दिवसभर शटरखाली बसून रस्ता बघायचं काम उरलं. आठवड्यातून दोन-तीनदा तो सिडकोत येतो. मॉनिटर रुसला की उजव्या बाजूला एक चापट मारतो. तीच चापट रंगनाथनं मारली तर काही होत नाही. निसारभाई म्हणतो, "तू मारतो, थेटे. मी समजावतो."

तर असं सगळं सुखात चाललं होतं. मग हर्षालीचं लग्न निघालं.

हर्षाली ही एकुलती एक मुलगी. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, लोकांचं रक्त काढते, त्यामुळे कोणाला घाबरत नाही. तिनं स्वतःच मुलगा बघून ठेवला होता. येवल्याजवळच्या एका गावचा, इथं अंबडला नोकरीला. नाव हर्षल. हर्षल आणि हर्षाली. लग्नपत्रिका छापणारा दोनदा फोन करून विचारणार, की नावात काही चूक नाही ना. मुलगा सरळ, वागायला गोड. द्वारकाबाईनं पहिल्या भेटीतच त्याला तिसरी पुरणपोळी वाढली, म्हणजे पसंती झाली.

अडकलं ते हर्षलच्या आजीपाशी. कुसाबाई. हर्षलची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते ह्या म्हातारीनं. तिनं नाही म्हटलं तर हर्षल लग्न करणार नव्हता, आणि दुसरीशीही करणार नव्हता. ते त्यानं हर्षालीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हातारीचीही अट तशी मोठी नव्हती. पत्रिका जुळली पाहिजे, एवढंच. पण ती भोकाभोकाच्या कागदावर पाहिजे.

ह्याचं असं झालं होतं. तिचा मुलगा हिरामण, म्हणजे हर्षलचे वडील, ह्यांच्या लग्नाच्या वेळी येवल्याच्या बसस्टँडशेजारी एकानं कम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचं दुकान टाकलं होतं. कटर-कटर आवाज करत कागद बाहेर आला, दोन्ही कडांना ओळीनं भोकं. त्यात लिहिलं होतं की पाण्यापासून जपा. आणि हिरामण पुढच्याच महिन्यात नळाखाली घसरून पडले. तेव्हापासून कुसाबाईचा त्या कागदावर जो विश्वास बसला तो बसलाच. मोबाईलवर पत्रिका काढू का विचारलं तर म्हणाली, "ती काय, कुनीबी काढतं. भोकाभोकाचा कागद दाव."

हर्षालीनं घरी येऊन विचारलं, "पप्पा, तुमच्या खोलीत तसलं काही आहे का हो?"

रंगनाथ खुर्चीत होता म्हणून बरं. इतक्या वर्षांत त्या खोलीतलं काही कोणाला हवं होतं असं घडलंच नव्हतं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. "प्रिंटर आहे," म्हणाला. "पत्रिका जुळवायच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी आहे. कागदसुद्धा आहे." त्यानं डोळे पुसले. द्वारकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरगी एवढी म्हणाली तर डोळ्यात पाणी. मी गॅसचा पाइप बदला म्हणून महिनाभर सांगतेय."

कागद होता, पण गठ्ठ्यातला बहुतेक वाळवीनं संपवलेला. धड पानं उरली होती दोन. प्रिंटरची रिबन वाळून कोरडीठाक झालेली. निसारभाईनं ती सोडवून तिला रबरी शिक्क्याची शाई पाजली आणि स्वतःचा पांढरा सदरा जांभळा करून घेतला. एक पान चाचणीत गेलं. त्यावर रंगनाथनं स्वतःचंच नाव छापून बघितलं, मोठ्या अक्षरांत, आणि बराच वेळ बघत बसला. उरलं एक पान.

कुसाबाई आली ती गाडीतून उतरून तडक त्या खोलीत. ऐंशीच्या पुढची, काटक, डोक्यावर पदर. तिच्यासाठी खुर्ची मांडली तर ती प्रिंटरच्या पुढ्यात जमिनीवर बसली. रंगनाथनं हर्षलची जन्मतारीख, वेळ, गाव घातलं. मग हर्षालीची. साल विचारलं की दोनच आकडे घालायला जागा. हर्षलचे नव्व्याण्णव, हर्षालीचे शून्य एक. बटण दाबलं. कटर-कटर सुरू झालं, घरातल्या वाट्या वाजायला लागल्या, आणि कुसाबाईनं हात जोडले.

छत्तीसपैकी तेहतीस गुण.

द्वारकाबाईनं साखर आणली. रंगनाथ कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडायला गेला, तर म्हातारीनं त्याचा हात धरला. "राहू द्या. त्याच्याशिवाय खरं कोन म्हनंल?" कागदाची घडी करून तिनं पिशवीत घातली. आनंदाच्या भरात रंगनाथ बोलून गेला, "आजी, माझं मशीन खोटं बोलत नाही. बोललं तर मी नावाचा रंगनाथ थेटे नाही." कोणी विचारलं नव्हतं. पण ह्या माणसाला गप्प बसवत नाही, त्याला कोण काय करणार?

सुपारी फुटली. हॉल ठरला. रंगनाथ आता गल्लीतून चालताना मान जरा वर करून चालायला लागला.

मग एका दुपारी द्वारकाबाई मेथी निवडत बसली होती आणि हा खोलीत पडद्यावर तीच पत्रिका पुन्हा काढून कौतुकानं वाचत होता. "बघ," आतूनच म्हणाला, "आपली हर्षाली गुरुवारची. म्हणून एवढी समजूतदार."

"बुधवारची," द्वारकाबाई म्हणाली.

"गुरुवार लिहिलंय."

"अहो, बुधवारची. गोदाकाठी बुधवारचा बाजार भरला होता. होळीच्या आधीचा बुधवार. मी पोटाला धरून उभी आणि तुम्ही कोथिंबिरीचा भाव करत होतात."

"मशीन गुरुवार म्हणतंय, द्वारका."

"मग मशीनला कळा आल्या असतील."

कोथिंबीर रंगनाथलाही आठवत होती. कागद वाचवायला त्यानं त्या दिवशी पत्रिकेचं पहिलंच पान छापलं होतं. दुसरं पान त्यानं आता पहिल्यांदा उघडलं. तिथं साल पूर्ण लिहिलेलं होतं. मुलाचा जन्म एकोणीसशे नव्व्याण्णव. मुलीचा जन्म एकोणीसशे एक.

ज्यानं कोणी तो प्रोग्रॅम लिहिला त्यानं प्रत्येक सालाच्या पुढे एकोणीस चिकटवून ठेवलं होतं. दोन हजार साल उजाडेल असं त्या बिचाऱ्याला वाटलंच नसावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कम्प्युटरच्या कपाळावर स्टिकर होतं, 'साल दोन हजारसाठी सज्ज'. ते कारखान्यात असताना रंगनाथनंच चिकटवलं होतं. कम्प्युटर सज्ज होता हो, पण फ्लॉपीला कोणी विचारलंच नव्हतं.

निसारभाईला बोलावणं गेलं. दोघांनी मिळून प्रोग्रॅमचं पोट उघडलं आणि एकोणीसच्या जागी वीस केलं. हर्षाली ठीक झाली. हर्षल दोन हजार नव्व्याण्णवला गेला.

निसारभाई पडद्याकडे बघत म्हणाला, "आधी नवरी नवऱ्याची पणजी होती. आता नवरा पैदाच व्हायचाय. थेटे, तुला मधलं काही जमत नाही का?"

शेवटी एकोणीसवाली एक फ्लॉपी आणि वीसवाली एक, अशा दोन केल्या. नवऱ्याची पत्रिका पहिलीतून काढली, नवरीची दुसरीतून, आणि मग जुळवलं. नऊ गुण. वर एकनाडी. अठराच्या खाली कोणी सुपारीला हात लावत नाही आणि एकनाडी म्हटल्यावर तर लोक चहासुद्धा अर्धा सोडून उठतात.

द्वारकाबाईचं मत तयार होतं. "कोणाला काही बोलायचं नाही. पोरीचं लग्न त्या डब्यामुळे जुळलंय. त्याच डब्यामुळे मोडलं ना, तर हे सगळं, निसारभाईंसकट, भंगारात देईन."

निसारभाई चहा पीत होता. त्यानं कप हळूच खाली ठेवला.

रंगनाथनं दोन दिवस तोंड बंद ठेवलं. त्याला जेवण जाईना. म्हातारीनं कसे हात जोडले होते ते डोळ्यांपुढून हलेना. मशीन खोटं बोलत नाही म्हणून आपणच छाती ठोकून सांगितलं होतं. आणि सांगावं, तर पोरीचं सगळं आयुष्य त्या नऊ गुणांत बुडणार. त्याला लेकीच्या तोंडाकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी हर्षालीनंच त्याला धरलं आणि सगळं काढून घेतलं. रक्त काढणारी पोरगी, तिला ते अवघड नव्हतं.

तिचाही चेहरा उतरला होता. मग म्हणाली, "सांगून टाका, पप्पा. नाहीतर तुम्ही लग्नात असंच तोंड करून बसाल आणि सगळे फोटो खराब होतील."

"आणि आजी नाही म्हणाल्या तर?"

"तर मी बघेन," ती म्हणाली. पण कसं बघणार हे तिलाही माहीत नव्हतं, ते दोघांनाही कळलं.

नवी पत्रिका छापायला कागद नव्हता. कागद नाही म्हणजे पडदाच दाखवायला पाहिजे, असं रंगनाथच्या डोक्यानं घेतलं. म्हणून रविवारी निसारभाईच्या ओम्नीत कम्प्युटर, मॉनिटर आणि माणसं असं सगळं भरून वरात निघाली. मॉनिटर पुढच्या सीटवर, पट्टा लावून. द्वारकाबाई मागे, मांडीवर कीबोर्ड, तोंड खिडकीकडे. निफाड गेलं, विंचूर गेलं, ती एक शब्द बोलली नाही. गतिरोधक आला की तेवढं "सांभाळून" म्हणायची. ते मॉनिटरला होतं की नवऱ्याला, ते कळायला मार्ग नव्हता.

कुसाबाईच्या ओट्यावर कांद्याच्या दोन क्रेट उलट्या घालून त्यावर मॉनिटर बसवला. हर्षल वायर ओढत होता, हिरामण सगळ्यांना पाणी देत होते आणि काय चाललंय ते कोणालाच विचारत नव्हते. व्होल्टेज कमी. पडदा लुकलुकला. निसारभाईनं समजावलं. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी उगवली.

रंगनाथनं सगळं सांगितलं. एकोणीस, वीस, फ्लॉप्या, गुरुवार, बुधवार. मध्ये दोनदा पाणी मागून घेतलं. शेवटी म्हणाला, "आजी, माझं मशीन खोटं बोललं. खरे गुण नऊ आहेत. एकनाडी आहे. मी त्या दिवशी मोठ्या तोंडानं बोललो. माफ करा." द्वारकाबाईनं डोळे मिटून घेतले. हर्षालीनं हर्षलकडे बघितलं नाही, हर्षलनं तिच्याकडे बघितलं नाही.

कुसाबाई पडद्याजवळ गेली. बोट लावून बघितलं.

"हे नऊ कुठं छापलंय?"

"छापलं नाही. कागद संपला."

"म्हंजे भोकाभोकाच्या कागदावर नाय."

"नाही."

"मंग ते नऊ काय धरायचे? माझ्याकडं तेहतीसचा कागद हे. भोकासहित हे." तिनं कमरेची पिशवी चाचपली. "तुमी एवढ्या लांब हे धूड कशापायी आनलं, इवाई?"

निसारभाई हळूच म्हणाला, "थेटे, बस. आता बंद कर." पण हा माणूस बंद करतोय होय? लेकीचं लग्न पदरात पडलं होतं, तरी हा म्हणाला, "पण आजी, तो कागद चुकीचा आहे. त्या कागदाच्या हिशेबानं ही पोरगी एकोणीसशे एक सालची आहे."

द्वारकाबाईनं कीबोर्ड उचलला. त्याच्या पाठीत घालायला उचलला, ह्यात काही शंका नाही.

"एकोनीसशे एक," कुसाबाई म्हणाली. ती विचारात पडली. "माझी सासू त्याच्या नंतरची. म्हंजे ही पोरगी माझ्या सासूपरीस थोरली?"

"मशीनच्या हिशेबानं, हो."

म्हातारी वळली. डोक्यावरचा पदर नीट केला, हर्षालीपुढे आली आणि कोणाला काही कळायच्या आत गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली. हर्षालीनं घाबरून तिचे खांदे धरले. "आजी, अहो, काय करताय?"

"सोड. पडू दे पाया. माझी सासू गेली, दोन्ही जावा गेल्या, थोरली भैन गेली. दिवाळी आली का सगळं गाव माझ्या पाया पडतं. मी कुनाच्या पडू?" ती वाकूनच बोलत होती. "मला कुसे म्हननारं आता कुनी राह्यलं नाय. तू थोरली हे ना कागदावर? मंग आशीर्वाद दे."

हर्षालीनं एकदा बापाकडे बघितलं. मग तिनं हात म्हातारीच्या डोक्यावर ठेवला, पदरावरून, घाबरत.

"औक्षवंत हो," ती म्हणाली. "कुसे."

कुसाबाई बराच वेळ वर उठली नाही.

"पुन्यांदा म्हन," ती म्हणाली.

हर्षालीनं पुन्हा म्हटलं. द्वारकाबाईनं कीबोर्ड खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. रंगनाथ मॉनिटरच्या मागे वायर बघायला गेला. वायर जागेवरच होती, तरी तो बराच वेळ ती बघत राहिला.